मातृतत्त्वाला हद्दपार कोणी केले?

मे २००६ मध्ये ‘द दा विंची कोड’ हा चित्रपट जगभर प्रदर्शित झाला. ज्या रोममध्ये कॅथलिक पंथाचे सर्वोच्च पीठ आहे, त्या रोममधील चित्रपटगृहांतही तो लागला आणि पोपच्या सिंहासनाला कसलाही धक्का बसला नाही. आपल्या देशात मात्र जणू आभाळ कोसळले. मुंबईत उपोषणे झाली. केंद्रातील तत्कालीन माहिती व प्रसारणमंत्री प्रियरंजन दासमुन्शी यांनी चर्चच्या प्रतिनिधींसमवेत चित्रपट पाहिला. सेन्सॉर बोर्डाने त्याला ‘केवळ प्रौढांसाठी’ असे प्रमाणपत्र दिले, वर कथा काल्पनिक असल्याचा खुलासा पडद्यावर झळकवण्याची अट घातली. एवढे होऊनही गोवा, पंजाब, नागालँड, तामिळनाडू आणि आंध्र प्रदेश या राज्यांनी त्यावर बंदी घातली. गोव्यात तेव्हा काँग्रेसचे सरकार होते, हे सांगितलेच पाहिजे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मकबूल फिदा हुसेन यांच्या भारतमातेच्या नग्न चित्रावरून वादळ उठले होते. तेव्हा हिंदू समाजाला काय सांगितले गेले? कला स्वतंत्र असते, श्रद्धा इतकी हळवी असू नये, खजुराहो आठवा! ही प्रवचने देणारी विचारवंत मंडळी अवघ्या तीन महिन्यांनी, एका कादंबरीवरील चित्रपटासाठी पाच राज्यांची दारे बंद झाली तेव्हा कुठे होती? काही अपवाद होते, नाही असे नाही. पण जो सूर फेब्रुवारीत टिपेला पोहोचला होता, तो मे महिन्यात घशातच अडकला. बंदी उठली ती न्यायालयांमुळे. सर्वोच्च न्यायालयाने बंदीची मागणी जूनमध्ये फेटाळली आणि आंध्र व मद्रास उच्च न्यायालयांनी आपापल्या राज्यांची बंदी रद्द ठरवली. ते योग्यच झाले. आम्हाला त्यांच्या देवतांवर बंदी नको आणि त्यांच्यावरील चित्रपटांवरही नको. आम्हाला हवा आहे तो एकच तराजू.

परंतु आज लिहायचे आहे ते केवळ दुटप्पीपणाविषयी नाही. तो विषय आता शिळा झाला, हुसेनही २०११ साली निवर्तले. त्या कादंबरीने जो मूळ प्रश्न चव्हाट्यावर आणला, तो मात्र शिळा झालेला नाही. जगातील सर्वांत मोठ्या धर्मसंस्थेने ईश्वराच्या कल्पनेतून स्त्रीला बाहेर का काढले आणि त्याचे कागद कुठे गेले?

कात्रजला आमच्या वसाहतीतील अभ्यासवर्गात नवरात्राच्या निमित्ताने याच विषयावर बोलण्याचा प्रसंग आला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक तरुण कादंबरी बगलेत घेऊनच आला होता. पुस्तकात पानोपानी खुणा केलेल्या. ‘काका, चर्चचं सगळं बिंग यात फुटलं आहे. आपण याच्या प्रती वाटल्या पाहिजेत,’ असा त्याचा आग्रह. त्याचा उत्साह समजण्याजोगा होता. पण त्याला जे सांगितले ते येथे पुन्हा सांगणे आवश्यक वाटते, कारण असे तरुण एकच नव्हेत.

ते पुस्तक इतिहास नव्हे. डॅन ब्राऊन यांनी २००३ साली लिहिलेली ती एक चुरचुरीत रहस्यकथा आहे. तिच्यातील जी गुप्त संघटना शतकानुशतके ख्रिस्ताचा वंश सांभाळत असल्याचे दाखवले आहे, ती प्रत्यक्षात १९५६ साली फ्रान्समध्ये पिएर प्लांतार नावाच्या एका उपद्व्यापी माणसाने नोंदवली. तिची ‘प्राचीन’ कागदपत्रे बनावट होती आणि ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हळूच सारून ठेवण्यात आली होती. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेत मतदान घेऊन येशूला देव ठरवले, हेही खरे नाही. त्याला प्रभू मानून प्रार्थना करण्याची रीत पौलाच्या पत्रांत, म्हणजे पहिल्या शतकातच दिसते. परिषदेतील वाद पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा की त्याच्याहून कमी, असा होता. बायबलात कोणते ग्रंथ ठेवायचे हा विषय तिथे निकालात निघाला नाही. आज मान्य असलेल्या २७ ग्रंथांची नेमकी यादी प्रथम आढळते ती इ. स. ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या अथनासियसने लिहिलेल्या पत्रात.

आर्य आक्रमणाच्या नावाखाली आपल्या माथी कोणकोणती अनुमाने मारली गेली, हे आपण जाणतो. तेव्हा कादंबरीला पुरावा मानण्याची सवय आपण तरी लावून घेऊ नये. शिवाय खोट्याची गरजच काय? खरा इतिहास चर्चला अधिक अडचणीचा आहे.

त्याच वर्गात पुढच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी सगळे ऐकून घेऊन शांतपणे विचारले, ‘अहो, त्यांच्या देवाला आई आहे, मग लक्ष्मी का नाही?’ धर्मशास्त्राचे मोठाले ग्रंथ ज्या प्रश्नाला वळसा घालून जातात, तो प्रश्न आजींनी एका वाक्यात टाकला होता.

अशेरेचे उच्चाटन

याचे उत्तर ख्रिस्ताच्याही आधीच्या काळात शोधावे लागते. सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लत अज्रूद नावाचे एक ठिकाण आहे. तेथे १९७५-७६ मध्ये उत्खनन झाले आणि ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमाराचे मोठे रांजण मिळाले. त्यांवरील लेखांत आशीर्वाद मागितला आहे तो ‘यहोवा आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने. अशेरा ही त्या प्रदेशातील मातृदेवता. येथे देवी अभिप्रेत आहे की तिचे पूजाचिन्ह असलेला स्तंभ, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण एकट्या, निःसंग, पुरुषरूपी ईश्वराच्या शेजारी एके काळी कोणीतरी होते, हे आता नाकारता येत नाही. पुढे काय झाले ते बायबलच सांगते. योशीया राजाने यरुशलेमच्या मंदिरातून अशेरेची मूर्ती बाहेर काढून जाळली आणि तिची राख केली. त्या देवीसाठी मंदिराच्या आवारात वस्त्रे विणणाऱ्या स्त्रिया होत्या, त्यांची घरेही पाडली. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात तर स्त्रिया त्याला तोंडावर सुनावतात. आम्ही स्वर्गाच्या राणीला नैवेद्य दाखवत होतो तेव्हा पोटभर अन्न मिळत होते, ते बंद केल्यापासून दैन्य आले, असे त्यांचे म्हणणे. ग्रंथकर्त्याने हा संवाद त्या स्त्रियांचा धिक्कार करण्यासाठी नोंदवला. वाचणाऱ्याला मात्र त्यात ओळखीच्या बायका दिसतात.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि ती मराठी वाचकाला चटकन पटावी. हिब्रूत ईश्वरी आत्म्यासाठी असलेला ‘रुआख’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. येशू जी अरामी बोली बोलत असे, तिच्यातील ‘रुहा’ हाही स्त्रीलिंगीच. म्हणून सिरियाक भाषेतील आरंभीच्या ख्रिस्ती लेखनात पवित्र आत्म्याला माता म्हटलेले आढळते. तोच शब्द ग्रीकमध्ये गेला तेव्हा नपुंसकलिंगी झाला, लॅटिनमध्ये गेला तेव्हा पुल्लिंगी. मिशनऱ्यांनी मराठीत त्याला ‘पवित्र आत्मा’ केले आणि आपल्याकडेही ‘तो’ आला. पिता, पुत्र आणि तो! व्याकरणाच्या तीन पायऱ्या उतरताना आई नाहीशी झाली.

माणसांचेही तेच झाले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल फिबी नावाच्या सेविकेची प्रशंसा करतो आणि युनिया या स्त्रीला प्रेषितांमध्ये नामांकित म्हणतो. पुढच्या काळातील भाष्यकारांनी आणि भाषांतरकारांनी या युनियाचा ‘युनियास’ नावाचा पुरुष करून टाकला. प्रेषित आणि तीही बाई, हे त्यांना पचेना. मग्दालीया मरीयेची कथा याहून दारुण आहे. योहानाच्या शुभवर्तमानानुसार पुनरुत्थित ख्रिस्ताला प्रथम पाहिले ते तिने. पण इ. स. ५९१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात तिला दुसऱ्याच एका निनावी पापी स्त्रीशी एक करून टाकले आणि पहिली साक्षीदार वेश्या ठरली. बायबलात तसे कुठेही म्हटलेले नाही. रोमने आपल्या दिनदर्शिकेतून ही गल्लत काढली १९६९ साली, आणि तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला २०१६ साली. एका स्त्रीची अब्रू परत द्यायला चौदा शतके लागली. पुढे पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांच्या सेवकपदाचा विचार करण्यासाठी आयोग नेमले, पण दीक्षा कोणाला दिली नाही. स्त्रियांना धर्मगुरुपद देण्याचा चर्चला अधिकारच नाही, हे १९९४ चे पोपचे फर्मान कायम आहे.

जे ग्रंथ वगळले गेले त्यांच्याविषयीही थोडे सांगायला हवे. डिसेंबर १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे एका रांजणात चामडी वेष्टनातील प्राचीन पोथ्या मिळाल्या. त्यांत फिलिपाचे शुभवर्तमान आहे. त्यात मग्दालीयेला येशूची सहचरी म्हटले आहे. येशू तिचे चुंबन घेत असे, असे ते म्हणते, पण कोठे घेत असे ते सांगणारा शब्द ज्या जागी असावा, नेमकी तीच जागा फाटलेली आहे. कादंबरीकारांना याहून काय हवे! मरीयेचे शुभवर्तमान त्याआधी, १८९६ मध्ये, बर्लिनला पोहोचले होते. त्यात मरीया शिष्यांना धीर देते, तर पेत्र विचारतो की गुरूने आम्हाला सोडून एका बाईला गुपित सांगितले काय? पण या पंथांना स्त्रीमुक्तीचे आद्य पुरस्कर्ते समजण्याचेही कारण नाही. थोमाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस मरीयेला स्वर्गात यायचे असेल तर आधी पुरुष व्हावे लागेल, असे सांगितले आहे. स्त्रीने स्त्री राहूनच मोक्ष मिळवावा ही कल्पना तिकडे दोन्ही पक्षांना जड गेलेली दिसते. मुक्ताबाई आणि जनाबाई यांच्या प्रदेशात राहणाऱ्यांना हे वाचून नवल वाटते.

आणि म्हणून आधुनिक विद्वानांनीही जपून राहिलेले बरे. सप्टेंबर २०१२ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापिका कॅरेन किंग यांनी रोम येथे पपायरसचा एक तुकडा जाहीर केला. त्यात येशूच्या तोंडी ‘माझी पत्नी’ असे शब्द होते. चार वर्षांत तो बनावट असल्याचे उघड झाले आणि त्यांनाही ते मान्य करावे लागले. जे हवे तेच दिसू लागले की हार्वर्डही घसरते.

देवीला बाहेर काढले तरी लोकांच्या मनातून ती जाते थोडीच! इफिस हे अर्तमी देवीचे महाक्षेत्र. तेथे पौलाच्या प्रचाराने देवीचे माहात्म्य घटेल म्हणून कारागीर खवळले आणि लोकांनी दोन तास देवीचा जयघोष केला, अशी हकिगत नव्या करारात आहे. त्याच इफिसमध्ये इ. स. ४३१ साली धर्मपरिषद भरली आणि मरीयेला ‘देवमाता’ ही पदवी मान्य झाली. यात योगायोग किती आणि लोकमानसाचा रेटा किती, हे वाचकांनीच ठरवावे. त्याच्या आधीच्या शतकात अरबस्तानाकडील काही स्त्रिया मरीयेला रोटीचा नैवेद्य दाखवत. एपिफेनियस नावाच्या बिशपने त्यांना पाखंडी ठरवले. मरीयेला मान द्या, पूजा करू नका, असा त्याचा दंडक. आजींच्या प्रश्नाचे उत्तर हेच: आई चालेल, पण तीही मानवी, कुमारिका आणि आज्ञाधारक. शक्ती चालणार नाही.

गोमंतकात तेच

हा सगळा दूरदेशीचा इतिहास आपल्या दारात आला तो सोळाव्या शतकात. १५४१ पासून तिसवाडी बेटातील देवळे पाडली गेली. १५६७ मध्ये राशोलचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने साष्टीतील देवळे जमीनदोस्त केली. त्यांची संख्या २८० सांगतात. केळोशीची शांतादुर्गा रातोरात नदीपार कवळ्याला गेली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. भक्तांनी देवीला पालखीत नव्हे, कवटाळून नेले. कवळ्याचे आजचे देऊळ उभे राहिले ते शाहू महाराजांच्या काळात, त्यांच्या दरबारातील नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने. योशीयाने यरुशलेमला केले तेच रोद्रिगिशने साष्टीत केले, आणि दोघांचाही ग्रंथ एकच होता.

पण गोव्याच्या आर्चबिशपने केवळ हिंदूंच्याच देवघरात हात घातला असे नाही. केरळात ख्रिस्ताच्या आरंभीच्या शतकांपासून नांदणारे, सिरियाक भाषेत उपासना करणारे ख्रिस्ती होते. हिंदू राजांनी त्यांना ताम्रपट देऊन सन्मानाने वसवले होते. त्यांना वठणीवर आणण्यासाठी आर्चबिशप आलेशु द मेनेझिस गोव्याहून गेला आणि जून १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे त्याने धर्मसभा भरवली. त्यांच्या सिरियाक पोथ्या ‘दुरुस्ती’साठी जमा करा किंवा जाळा, असा हुकूम निघाला. निषिद्ध ठरलेल्या ग्रंथांत येशूच्या बालपणाची आणि मरीयेच्या चरित्राची कथा सांगणारा एक ग्रंथ होता. ज्या भाषेत आत्मा माता होती, त्या भाषेतील भारतीय पोथ्यांचे भवितव्य गोव्याच्या आर्चबिशपने ठरवले! त्या ख्रिस्ती बांधवांनी १६५३ मध्ये मट्टानचेरीच्या क्रुसाला दोर बांधून, त्या जेझुइटांच्या अधीन आम्ही राहणार नाही अशी शपथ घेतली. प्राचीन ख्रिस्ती इतिहासाचा हा अध्याय आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावा? ‘द दा विंची कोड’वर गोव्यात बंदी घालणाऱ्यांनी ही होळी आठवली असती, तर एका रहस्यकथेचे भय त्यांना वाटते ना.

गोमंतकाच्या लोकांनी मात्र आपला मार्ग काढला. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही लोकपरंपरेत शिरगावच्या लईराईची बहीण. सात बहिणींपैकी एक ख्रिस्ती झाली, एवढेच! तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात आणि दोन्ही क्षेत्रांचे नाते लोक अजून सांगतात. वांद्र्याच्या टेकडीवरील मरीयेला कोळी बांधव ‘मोत माउली’ म्हणतात, आणि तिच्या सप्टेंबरमधील जत्रेत मेणबत्ती लावणाऱ्यांत कपाळाला कुंकू असलेल्या बायका कमी नसतात. बाप्तिस्म्याने नाव बदलले, घराणे बदलले नाही.

येथे आपल्या घराकडेही एक नजर टाकली पाहिजे. आपल्याकडे देवी गाभाऱ्यात आहे, हे खरे. परंतु २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. ही घट पोर्तुगीजांनी केलेली नाही. नवरात्रात नऊ दिवस घट बसवणाऱ्या सुशिक्षित घरांतूनही सोनोग्राफीच्या खोलीत दैत्य शिरले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न २०१६ मध्ये न्यायालयात जाऊन सुटावा लागला, तोवर आपण गप्प बसलो. चर्चला जाब विचारायचा तर हे हिशेब आपल्याही वहीत लिहिलेले असले पाहिजेत.

पुण्याची साक्षीदार

चर्च आणि स्त्री यांच्या या कलहात एक साक्ष आपल्या पुण्याचीच आहे, आणि ती विरोधी पक्षाची म्हणून अधिक मोलाची. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतराविषयीचा आमचा मतभेद झाकून ठेवण्याचे कारण नाही. शारदा सदनातील प्रकारावरून लोकमान्यांनी १८९३ मध्ये ‘केसरी’तून जी कठोर टीका केली, तीही निराधार नव्हती. पण ज्या संस्थेत त्या गेल्या तिने त्यांचे काय केले? चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला. हिंदुस्थानात परतल्यावर त्या डोईजड होतील अशी भीती! त्रैक्याविषयी, अथनासियसच्या नावाने चालणाऱ्या श्रद्धासूत्राविषयी त्यांनी प्रश्न विचारले, तेव्हा त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांनी त्याला अहंकार म्हटले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती मला कळत नाहीत आणि माझ्या देशबांधवांनाही कळणार नाहीत, तेथे संस्कृत का नको, असा रमाबाईंचा सवाल होता. एका पुरोहितवर्गाचे जू नुकतेच फेकले आहे, दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळानेच १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. रमाबाईंचे गुणगान करणाऱ्या किती चर्चमध्ये तो वाचला जातो?

अखेरची वर्षे त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवायला, छापायला आश्रमातील स्त्रियाच होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. एका स्त्रीने एकटीने मूळ भाषांतून केलेले सबंध बायबलचे भाषांतर जगात फारच दुर्मीळ. महाराष्ट्रातील चर्चच्या वेदीवरून दर रविवारी वाचले जाते ते मात्र दुसरेच भाषांतर.